ब्लू जेंडर: किडे, मेक आणि उत्क्रांती. ही अ‍ॅनिमे कोणी पाहिलीच नाही का?

निम्मी_झोप

मंडळी, इथे अ‍ॅनिमेचा (जपानी कार्टून मालिकांचा) धागा निघाला की चौथ्या प्रतिसादात इव्हँगेलियन येतं आणि सातव्यात 'अटॅक ऑन टायटन', म्हणून आज मुद्दाम वेगळं नाव घेऊन आलोय. ब्लू जेंडर. ऑक्टोबर १९९९ ते मार्च २०००, जपानात टीबीएसवर, २६ भाग, स्टुडिओ एआयसी. मी पहिल्यांदा बघितली २००६ मध्ये, पुण्यात हॉस्टेलवर, शेजारच्या रूममधल्या मुलाने मार्करने नुसतं 'किडे' लिहून ठेवलेल्या सीड्यांवरून. आम्हाला वाटलं अ‍ॅग्रीवाल्याचा प्रोजेक्ट असेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युजी काइदो नावाचा साधा पोरगा. २००९ मध्ये त्याला एक असाध्य रोग निघतो, बी-सेल म्हणतात त्याला, आणि औषध सापडेपर्यंत झोपवून ठेवू म्हणून त्याला गोठवतात. जाग येते ती थेट २०३१ मध्ये, तीही लढाईच्या मधोमध. तोक्यो ओसाड पडलंय आणि रस्त्यातून बसएवढाले किडे हिंडतायत, त्यांना 'ब्लू' म्हणतात. हे ब्लू माणसं नुसती मारून सोडत नाहीत, गोळा करतात, गोळे वळून साठवतात. उरलेली माणसं वर सेकंड अर्थ नावाच्या अवकाश स्टेशनवर राहतात. तिथून सैनिक मेक (आत बसून चालवायचे रोबोट) घेऊन खाली येतात ते पृथ्वी सोडवायला नाही, तर युजीसारखे झोपलेले 'स्लीपर' उचलून न्यायला. का, ते लवकर सांगत नाहीत.

पहिले दहा-बारा भाग म्हणजे जपानातून कोरिया, चीन करत कझाकस्तानात बायकोनूरच्या रॉकेट तळापर्यंतचा प्रवास आहे आणि टीम एकेक करून कमी होत जाते. मला तरी मेकवाल्या मालिकांमध्ये एवढी भीती दुसरीकडे कुठे वाटली नाही. मेकमध्ये बसलेला माणूस सुरक्षित नसतो हे या मालिकेने पहिल्या तासाभरातच डोक्यात बसवलं.

तर प्रश्न दोन. एक, ही मालिका एवढी मागे का पडली? दोन, माझी भाची पंधरा वर्षांची आहे, टायटन पूर्ण संपवलंय, आता "मामा अजून असलंच काहीतरी सांग" म्हणून मागे लागलीये. दाखवू का?

डोंबिवली_स्लो

पहिला!

पाहिली नाहीये. पण माझं होम लोन २०३१ मध्ये संपतंय. त्याच वर्षी किडे येणार हे मला आतून माहीतच होतं.

खवचट_काकू

शीर्षकात 'ही अ‍ॅनिमे'? आमच्याकडे मुलगा 'तो अ‍ॅनिमे' म्हणतो.

चकली_मास्तर

ते अ‍ॅनिमे. परभाषेतून आलेला एकारान्त शब्द, नपुंसकलिंगी घ्यावा असं माझं मत.

निम्मी_झोप

मालिकेच्या नावातच जेंडर आहे आणि पहिल्या चार प्रतिसादांत लिंगावरून भांडण. धागा धन्य झाला. मी 'मालिका' या अर्थाने 'ही' म्हणतोय, ज्याला जे आवडेल ते घ्या.

ओसरीवरून_एडिसन

अरे वा, ब्लू जेंडर! इकडे अमेरिकेत २००३ च्या सुमारास कार्टून नेटवर्कच्या रात्रीच्या अ‍ॅडल्ट स्विममध्ये लागायची, इंग्रजी डबिंगसकट आणि बरीच काटछाट करून. मी तेव्हा एमएस करत होतो, रात्री लॅबवरून आलो की डाळखिचडी कुकरला लावायची आणि हे बघायचं. माणसांच्या गोळ्यांचा पहिला सीन आणि कुकरची तिसरी शिट्टी एकदमच झाली होती. त्या दिवशी खिचडी रूममेटने खाल्ली.

भाचीबद्दल: सांभाळून. रक्तामांसाचं म्हणत नाही, ते टायटनमध्ये झालंच आहे. यात उघडेवाघडे आणि शय्येचे सीन आहेत, आणि काही ठिकाणी माणसं एकमेकांशी जे वागतात ते किड्यांपेक्षा वाईट आहे. पंधराला मी तरी एकटीला लावून देणार नाही. आधी स्वतः परत बघा. वीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवर जाऊ नका, आपण तेव्हा वेगळंच काहीतरी बघत होतो.

स्क्रू_ड्रायव्हर

मेकवर कोणीतरी बोला म्हणून वाट बघत होतो, शेवटी मीच बोलतो. थोडं लांबेल.

या मालिकेची मूळ कल्पना र्‍योसुके ताकाहाशींची, दिग्दर्शन मासाशी आबे यांचं. ताकाहाशी म्हणजे १९८१ चं डगराम, १९८३ चं व्होटम्स. जपानी रोबोटांची मोठी वाट अशी की १९७२ मध्ये माझिंगर झेड आलं, माणूस आत बसून चालवतो असा राक्षसी रोबोट, म्हणजे जवळजवळ देवच. १९७९ मध्ये गंडाम आलं आणि रोबोट युद्धातलं यंत्र झाला, कारखान्यात बनणारं, बिघडणारं. ताकाहाशींनी तो आणखी खाली उतरवला. गंडाम १८ मीटरचा, तर व्होटम्समधला स्कोपडॉग चारेक मीटरचा. म्हणजे आपल्या वाड्याच्या दिंडी दरवाज्यातून नाही, पण मोठ्या दरवाज्यातून वाकून आत येईल एवढा. फुटला की टाकून दुसरा घ्यायचा, त्याला नाव नाही, गाव नाही, त्याच्यावर कोणाचा जीव नाही.

ब्लू जेंडरमधले मेक, म्हणजे आर्मर श्राइक, याच घराण्यातले. त्यात बसून कोणी हिरो होत नाही. ब्लूला मारायचं तर त्याचा गाभा फोडावा लागतो, बाकी कुठेही गोळ्या घाला, तो येतच राहतो, आणि तो गाभा नीट समोर येईपर्यंत किडा तुमच्या इतका जवळ आलेला असतो की चुकलात तर दुसरा नेम नाही. भीती तिथून येते. मेक इथे चिलखत कमी आणि पत्र्याचा डबा जास्त. निम्मी_झोप म्हणतोय ते शंभर टक्के बरोबर.

रच्याकने (बाय द वे), संगीत कुनिआकी हाइशिमाचं आहे, पुढे ज्याने 'मॉन्स्टर' या अ‍ॅनिमेला संगीत दिलं तोच. रात्री हेडफोन लावून ऐकू नये.

बाभळीवरचा_राघू

स्क्रू_ड्रायव्हर, मस्त प्रतिसाद. एक भर घालतो, कारण मी अ‍ॅनिमेवाला नाही, पक्षीवाला आहे आणि धाग्यावर चुकून आलो. श्राइक म्हणजे आपला खाटीक. चिमणीपेक्षा थोडा मोठा, डोळ्यावर काळी पट्टी, दरोडेखोरासारखी. नाकतोडे, टोळ, सरडे, छोटे उंदीर मारतो आणि बाभळीच्या नाहीतर बोरीच्या काट्याला टोचून ठेवतो, नंतर सवडीने फाडून खायला. मी नगर जिल्ह्यात एका कुंपणाच्या बाभळीवर ओळीने तीन नाकतोडे आणि एक सरडा टांगलेला बघितलाय, सरड्याची शेपटी तेव्हा हलत होती. किडे मारणाऱ्या यंत्राला हे नाव देणारा माणूस पक्षी बघणारा असणार. आता मला मालिका बघावी लागणार.

निम्मी_झोप

आयला! वीस वर्षं मी श्राइक म्हणजे इंग्रजीतला काहीतरी किंचाळण्याचा शब्द समजत होतो. राघूभाऊ, दंडवत.

आणि बघा ना, दोन्ही बाजू तेच करतायत. किडे माणसं गोळा करून साठवतात, आणि किड्यांशी लढणाऱ्या यंत्राचं नाव किडे टोचून साठवणाऱ्या पक्ष्याचं.

स्पष्टच_बोलतो

मी उलट बाजू मांडतो, हलके घ्या. ही मालिका मागे पडली कारण ती तेवढीच आहे. पहिले बारा भाग चांगले, मान्य. मग ते वर सेकंड अर्थवर जातात आणि मालिकेला सरकारी कार्यालय लागतं. समिती, परिषद, गट, कोण कोणाच्या बाजूने, लिफ्टमधून वर, लिफ्टमधून खाली. मी दोन भाग फास्ट फॉरवर्ड केले आणि काही चुकलं नाही. चित्रं कित्येक ठिकाणी जागची हलत नाहीत, फक्त कॅमेरा सरकतो. आणि युजी पहिल्या पाच-सहा भागांत इतका रडतो की किड्यांची बाजू घ्यावीशी वाटते.

सगळ्यात मोठा राग शेवटाच्या तत्त्वज्ञानावर. (स्पॉयलर) म्हणे ब्लू ही पृथ्वीचीच प्रतिक्रिया, माणसं फार झाली, निसर्गाचं ऐकेनात, म्हणून पृथ्वीने किडे काढले. हे मी दुसरीत भूगोलाच्या बाईंकडून ऐकलंय. भारतात राहणाऱ्या माणसाला हे 'लोकसंख्या फार झाली' प्रकरण ऐकलं की लगेच कळतं की फार झालेले म्हणजे नेहमी दुसरेच कोणीतरी.

डोंबिवली_स्लो

८ वाजून ४ मिनिटांची गाडी पकडून बघा, मग लोकसंख्येवर बोलू.

स्पष्टच_बोलतो

ती लोकसंख्या नाही, ते वेळापत्रक आहे.

गावगाइगार

धागा उघडल्यापासून हात शिवशिवतायत. मंडळी, १९९९ मध्ये 'मेक, भय आणि उत्क्रांती' अशी अजून एक मालिका आली होती आणि ती ब्लू जेंडरपेक्षाही दुर्लक्षित आहे. बेटरमॅन. सनराइझ, दिग्दर्शक योशितोमो योनेतानी, एप्रिल ते सप्टेंबर १९९९, तोक्यो टीव्हीवर, २६ भाग. म्हणजे ही संपली आणि पुढच्याच महिन्यात ब्लू जेंडर सुरू झाली. त्या वर्षी जपानला काय झालं होतं कोण जाणे.

बेटरमॅनमध्ये अल्गर्नॉन नावाचा आजार पसरतो, माणसं अचानक वेडी होऊन स्वतःला नाहीतर दुसऱ्याला मारतात. न्यूरोनॉइड नावाचे रोबोट, दोन माणसं मिळून चालवणारे, आणि ते हिरोसारखे दिसत पण नाहीत, सांगाडा उभा केल्यासारखे दिसतात. आणि लामिया नावाचं एक प्राणी-माणूस असं पात्र, माणसांच्या प्रेतांवर उगवणाऱ्या फुलाचं बी खाऊन रूप बदलतं. योनेतानींनी त्याच्या आधी गाओगाइगार केलं होतं, लहान मुलांचं, धैर्य, मैत्री, मोठमोठ्याने ओरडणारे रोबोट. बेटरमॅन त्याच विश्वात घडतं हे हळूहळू कळतं. म्हणजे बालभारतीचा धडा वाचताय आणि पान उलटलं की पोस्टमॉर्टेम रिपोर्ट.

ब्लू जेंडर मला आवडतं पण तिथे उत्क्रांती शेवटी भाषणात येते. बेटरमॅनमध्ये ती चघळावी लागते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला निम्मं कळलं नव्हतं. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा जे कळलं होतं तेही गेलं.

ओसरीवरून_एडिसन

शेवटचं वाक्य, हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

प्रा_बुरशी

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे बी-सेल हा शब्द रोग म्हणून ऐकला की अंगावर काटा येतो. बी-सेल प्रत्येकाच्या शरीरात असतात, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या. आणि त्यातला 'बी' आला कोंबडीमुळे. पक्ष्यांच्या शेपटीकडे बर्सा नावाची एक पिशवी असते, ती काढून टाकली तर कोंबडी प्रतिपिंडं बनवू शकत नाही हे १९५० च्या दशकात कळलं, त्या बर्साचा बी. मालिकेतल्या बी-सेलचा याच्याशी संबंध नाही, पण योगायोग झकास आहे. पृथ्वी माणसांना जंतू समजून प्रतिकार करते अशी कथा, आणि नायकाच्या अंगात जे आहे त्याला नाव प्रतिकारशक्तीच्या पेशीचं. लेखकाने मुद्दाम केलं असेल तर टोपी काढतो.

आता बसएवढे किडे. अळी असो, झुरळ असो, कीटकांना फुप्फुसं नसतात, अंगभर बारीक नळ्या असतात त्यातून हवा आत झिरपते. शरीर वाढलं की ती हवा आतपर्यंत पोचत नाही. शिवाय लांबी दुप्पट केली की वजन आठपट होतं आणि पायाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ फक्त चौपट, पाय मोडतील. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये यावर एक सुरेख निबंध लिहिलाय. हे हाल्डेन पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले, विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगतो, ते आवर्जून विसरतात. ३० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन आजच्या २१ टक्क्यांपेक्षा बराच जास्त होता, तेव्हासुद्धा सर्वात मोठा चतुर पंख पसरून ६५-७० सेंटिमीटरचा. म्हणजे कावळ्याच्या आसपास. बस नाही.

पण हे मी सोडून देतो. जे सोडू शकत नाही ते 'पृथ्वीची इच्छा'. शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉकनी १९७० च्या दशकात मांडलं की सजीव आणि वातावरण मिळून पृथ्वी स्वतःला सावरते, या कल्पनेला गाया हे नाव त्यांच्या शेजारी राहणाऱ्या कादंबरीकार विल्यम गोल्डिंगनी सुचवलं. डॉकिन्स वगैरे उत्क्रांतीच्या अभ्यासकांचा त्यावरचा आक्षेप साधा आहे. निवड व्हायला स्पर्धक लागतात, पिल्लं लागतात. पृथ्वीला पिल्लं कुठे आहेत? उत्क्रांती शिक्षा देत नाही, सुधारत नाही, कुणाकडे बघतसुद्धा नाही. त्या अर्थाने स्पष्टच_बोलतो यांच्याशी मी सहमत. भूगोलाच्या बाईंना माझा नमस्कार.

खवचट_काकू

सर, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं. आमच्या सरांनी उत्क्रांती 'स्वाध्याय' म्हणून दिली होती.

बारा_भाग_बारा_वाटा

मालिकेची बाजू घेतो थोडी. पृथ्वीची इच्छा वगैरे जे बोललं जातं ते पात्रं बोलतात. शास्त्रज्ञ एक बोलतो, सत्तेवरचे दुसरं, आणि ज्याच्या डोक्यात बी-सेल पार भिनलेत तो टोनी तर स्वतःलाच पृथ्वीचा हस्तक समजायला लागतो. मालिका त्याला बरोबर ठरवत नाही. माणसं घाबरली की कारण शोधतात आणि जे कारण सापडतं त्यात स्वतःला मधोमध बसवतात, मला तर मालिका हे दाखवते असं वाटलं. शेवटचे दोन भाग मात्र घाईत भाबडे झालेत, तिथे भांडत नाही.

लोकसंख्येवरून आठवलं, संयुक्त राष्ट्रांनी जग ६ अब्ज झाल्याचा दिवस म्हणून १२ ऑक्टोबर १९९९ धरला होता. म्हणजे मालिका सुरू झाली त्याच महिन्यात. तेव्हा पेपरात रोज तेच होतं, मला आठवतंय, शाळेत निबंधसुद्धा आला होता. त्या हवेत ही गोष्ट लिहिली गेलीये.

स्पष्टच_बोलतो

१२ ऑक्टोबरचं माहीत नव्हतं, चांगला मुद्दा. पण मग विनोद बघा, त्याच वर्षी जपानचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.३४ होता. पोरं होत नाहीत म्हणून काळजीत असलेल्या देशाने 'माणसं फार झाली' म्हणून किडे सोडले. आणि आपल्याकडे २०१९-२१ च्या कौटुंबिक आरोग्य पाहणीत देशाचा २.० आणि महाराष्ट्राचा १.७ आलाय. किडे यायच्या आधीच काम झालं.

वर्धेकर

किडे येतात हो. मे २०२० मध्ये टोळधाड आली होती ना इकडे, अमरावती, वर्धा, नागपूर. लॉकडाऊन चालू, वरून ४५ डिग्री ऊन, आणि काकाचा फोन की संत्र्यावर टोळ बसले, या. आम्ही डबे, थाळ्या, एकाने तर लग्नाचा बँड आणला, सगळे बडवत बसलो. आवाज आठवतो अजून. उडायचा आवाज नाही, खायचा. बारीक पाऊस पत्र्यावर पडतो ना, तसा. एका फांदीवर टॉर्च मारला तर पान दिसेना, नुसती पिवळी-तपकिरी पाठच पाठ, आणि ती सरकत होती.

नंतर वाचलं तेव्हा जास्त भीती वाटली. हा टोळ एकटा असतो तेव्हा लाजरा, रंगाने फिका, दुसरा टोळ दिसला तर दूर जाणारा. गर्दी झाली, मागच्या पायांना पाय घासायला लागले की त्याच्या शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं आणि काही तासांत त्याचा स्वभावच पालटतो, कळपात शिरतो. रंग नंतर बदलतो. कोणी बाहेरून आलेला राक्षस नाही, तोच कालचा किडा. ब्लू जेंडर मी बघितली नाही पण युजीच्या अंगातच काहीतरी आहे असं वाचलं आणि हे आठवलं.

प्रा_बुरशी

वर्धेकर, क्या बात है. २००९ मधला अभ्यास आहे तो, सेरोटोनिनचा. पृथ्वीच्या इच्छेपेक्षा हे उदाहरण मालिकेला जास्त शोभलं असतं.

निम्मी_झोप

वर्धेकर, तुम्ही न बघता मालिकेच्या मर्मावर बोट ठेवलंत. इथून पुढे स्पॉयलर, ज्यांना बघायचीये त्यांनी खाली उडी मारा.

सेकंड अर्थला नेल्यावर कळतं की स्लीपर हवे होते ते त्यांच्या बी-सेलमुळे. त्यामुळे ते ब्लूविरुद्ध असे लढतात की साधा सैनिक लढू शकत नाही. मग जो युजी पहिल्या भागांत मेलेल्या अनोळखी माणसासाठी थांबायचा, रडायचा (स्पष्टच_बोलतो यांना जो सहन झाला नाही), तो परत पृथ्वीवर उतरतो तेव्हा किडे मारताना हसत असतो. बरोबरचा माणूस मेला तरी मागे वळून बघत नाही. आणि मार्लीन, त्याला न्यायला आलेली सैनिक, जी सुरुवातीला दगड होती, जखमी माणूस म्हणजे ओझं असं मानणारी, ती आता त्याला थांबवायला जाते. दोघं एकमेकांना ओलांडून पलीकडे गेलेत. माझ्यासाठी सगळी मालिका या ओलांडण्यात आहे, आणि स्पष्टच_बोलतो यांनी फास्ट फॉरवर्ड केलेले दोन भाग बहुतेक तेच असणार.

स्पष्टच_बोलतो

असू शकतील. बघतो परत. रडणं मात्र रडणंच आहे.

खवचट_काकू

मी मालिका बघितली नाही, बघणार नाही, मला झुरळ दिसलं तरी यांना हाक मारते. पण वरचं सगळं वाचून राहवेना म्हणून लिहिते.

तुमचा हा युजी म्हणजे कुंभारणीची अळी. कुंभारीण माहितीये ना, खिडकीच्या कोपऱ्यात नाहीतर फोटोच्या मागे मातीचं घर करते ती. आमच्या माहेरी देवघरावरच्या फोटोमागे दरवर्षी. आजी पाडू द्यायची नाही. म्हणायची, ती अळी आणून आत कोंडते आणि बाहेरून गुणगुणत राहते, अळी भीतीने रात्रंदिवस तिचाच ध्यास घेते, आणि ध्यास घेता घेता एक दिवस कुंभारीण होऊन बाहेर पडते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये ही जोडी आहे, नाथांच्या भागवतातून आजीने ऐकलेलं. प्रेमाने, द्वेषाने की भयाने, ज्याचा ध्यास घ्याल ते व्हाल. कीटकभृंग न्याय म्हणतात.

दहाव्या वर्षी मी ते घर सुरीने उकललं. आत पाच-सहा हिरव्या अळ्या, दाटीवाटीने भरलेल्या, सुपारीच्या डबीत पानं कोंबावीत तशा. मेलेल्या नव्हत्या. एकीला काडी लावली तर टोक जरासं वळलं. आणि त्यांच्यामध्ये एक वेगळीच, पिवळट पांढरी, एका अळीच्या अंगात तोंड खुपसून बसलेली. मी आजीला काही सांगितलं नाही. पण पुढे कीर्तनात तो दृष्टांत आला की मला ती काडी आठवते.

बाभळीवरचा_राघू

काकू. _/\_

गावगाइगार

अरे बाप रे. काकू, तुम्ही पटकथा लिहा.

प्रा_बुरशी

शास्त्र हेच सांगतं काकू. कुंभारीण डंख मारून अळी लुळी करते, मारत नाही, म्हणजे सडत नाही. काही जातींमध्ये अंडं घराच्या छताला बारीक धाग्याने लटकवलेलं असतं. पिल्लू अळ्या ताज्या खात मोठं होतं. बाहेर जी पडते ती कुंभारीणच, अळी झालेली नसते, अळीची बनलेली असते. दृष्टांत आणि वस्तुस्थिती यात एका प्रत्ययाचं अंतर आहे.

चकली_मास्तर

विभक्तीचं. पण सोडून देतो, आज सोडून देतो.

बारा_भाग_बारा_वाटा

ब्लूंचे माणसांचे गोळे आता मला दुसऱ्या नजरेने दिसणार. आणि युजी कुंभारीण 'झाला' का कुंभारणीने 'खाल्ला' हा मालिकेचा खरा प्रश्न. शेवट भाबडा वाटतो कारण मालिका म्हणते, ध्यास सोडला की अळी परत अळी होते. काकूंच्या घरट्यातून कोणी परत आलं नव्हतं.

ओसरीवरून_एडिसन

मला नेमकं तेच आवडतं, की मालिका तसं म्हणते. २००३ मध्ये इकडे एकटा होतो, टीव्हीवर रोज युद्ध, सगळे कुणाचा ना कुणाचा ध्यास घेऊन बसलेले. तेव्हा कोणीतरी परत येतं एवढं बघून बरं वाटलं होतं. भाबडं तर भाबडं.

कालच_आलो

नवीन सदस्य आहे, सांभाळून घ्या. २६ भाग बघायला वेळ नाही, २००२ मध्ये याचा 'द वॉरियर' नावाचा जोडकाम केलेला सिनेमा आला होता ना, तो बघितला तर चालेल का?

स्क्रू_ड्रायव्हर

नको. प्रवासच कापलाय तर उरलं काय. पहिले बारा भाग बघ, आवडलं तर पुढे. मागे का पडली याचं माझं उत्तरही तिथेच आहे. इव्हँगेलियनच्या नंतर तीन-चार वर्षांनी आली, तेव्हा प्रत्येक मेक मालिकेला लोक 'याचा अर्थ काय' विचारत होते, आणि हिच्यात पहिले बारा भाग अर्थच नाही, नुसतं चालणं आहे. आज टायटन बघून तयार झालेल्या पोरांना कदाचित जास्त कळेल.

डोंबिवली_स्लो

पहिला भाग बघितला. रात्री पावणेबाराला. बायकोने विचारलं एवढा घाबरून काय बसलायस, म्हटलं २०३१ चा ईएमआय बघतोय.

निम्मी_झोप

अपडेट. एडिसनकरांचं ऐकून आधी स्वतः परत बघितली, मग ताईला विचारून निवडक पाच भाग भाचीबरोबर बसून बघितले, दोन ठिकाणी रिमोट हातात ठेवून. मला वाटलं होतं ती ग्राफिक्सला हसेल. हसली पण. मग तिसऱ्या भागानंतर गप्प. पाचवा संपल्यावर म्हणाली, "मामा, टायटनमध्ये भिंत होती. यांना भिंतच नाहीये."

मग मी तिला काकूंचा प्रतिसाद वाचून दाखवला, आणि तिथे चूक झाली. ताईच्या बाल्कनीत स्लायडिंगच्या खाचेत कुंभारणीचं घर निघालंय. ताईला ते काढायचंय, खिडकी लागत नाही. भाची काढू देत नाहीये, रोज शाळेतून आली की मोबाइलचा टॉर्च लावून भोक पडलं का बघते. कालपर्यंत पडलं नव्हतं.

खवचट_काकू

उकलू नको म्हणावं तिला. आणि भोक पडलं की इथे कळव.